बार्सिलोनाची क्रूझ, पुण्याची चार माणसं: विमानभाडं आवाक्यात कसं आणायचं?

घाटमाथा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता बोट बार्सिलोनाहून सुटते, मग मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया (म्हणजे रोमचं बंदर), पालेर्मो, ट्युनिस, एक दिवस नुसता समुद्र, आणि पुढच्या शनिवारी सकाळी ७ ला परत बार्सिलोना. आम्ही दोघं, मुलगा १४ वर्षांचा, आई ७१ वर्षांची. निघणार पुण्याहून, विमान मुंबईचं. केबिनचे पैसे अजून भरलेले नाहीत.

क्रूझचा आकडा झेपतोय, विमानाचा काही केल्या एका जागी राहत नाही. त्याच तारखांना जाऊन-येऊन भाडं माणशी ५८,००० पासून ९४,००० पर्यंत दिसतं. शनिवारी दुपारी दीडला बार्सिलोनाला पोचणारं विमान घेतलं तर हॉटेलची एक रात्र वाचते, ते घ्यावं का? परतीला बोट लागते त्याच शनिवारी ११.४० चं सगळ्यात स्वस्त आहे, ते जमेल का? एका साइटवर मुंबई–मिलान एका तिकिटावर आणि मिलान–बार्सिलोना वेगळ्या लो-कॉस्ट कंपनीचं, असं जोडून माणशी ८,००० कमी लागतात. त्यात काही गोम आहे का? आणि आधी तिकीट काढायचं की आधी व्हिसा?

लंगर

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. शनिवारचं नको आणि ११.४० चंही नको.

बोट ६ ला सुटते म्हणजे आपण ६ पर्यंत पोचायचं असं नसतं. प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याआधी बंदरात द्यावी लागते, त्यामुळे चेक-इन तासभर आधी, काही कंपन्यांत दीड तास आधी बंद होतं. तुमची खरी वेळ साडेचार धरा. आता मोजा. विमान दीडला उतरलं. पासपोर्टच्या रांगेत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने ‘ईईएस’ नोंदणी (बाहेरच्या प्रवाशांच्या ये-जा करण्याची संगणकावरची नोंद) सुरू झाली आहे. बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेले असले तरी पहिल्या प्रवेशाला चेहरा नोंदवून घेतात आणि लागोपाठ दोन-तीन मोठी विमानं उतरली की रांग तासाच्या पुढे जाते. बॅगा यायला अर्धा तास. विमानतळापासून मोल अदोसातच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत टॅक्सीने २५-३० मिनिटं. सगळं सुरळीत झालं तरी चार वाजले. दोहा-दुबईसारख्या आखाती विमानतळामार्गे येणारं विमान दोन तास रेंगाळलं की बोट गेली. ती चार प्रवाशांसाठी थांबत नाही, कारण पुढच्या बंदरातली धक्क्याची वेळ ठरलेली असते. २३ जून २०२५ ला कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली तेव्हा दोहामार्गे जाणारे किती लोक अडकले ते आठवून बघा.

म्हणून शुक्रवारी दुपारी पोचा. गुरुवारचंही भाडं बघून ठेवा. कधीकधी गुरुवार इतका स्वस्त निघतो की हॉटेलची जादा रात्र त्यातच भागते.

इथे एक चूक हमखास होते. आखाती कंपन्यांची बरीच विमानं मुंबईहून पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान निघतात. ‘शुक्रवार ०४.१५’ याचा अर्थ तुम्ही गुरुवारी रात्री एकपर्यंत सहारच्या टी-२ वर हवे, म्हणजे पुण्याहून गुरुवारी संध्याकाळी सात-साडेसातला निघायचं, घाटातल्या ट्रॅफिकचा तास धरून. लोक तारीख शुक्रवारची बघतात आणि शुक्रवारी रात्री गाडी सांगतात.

परतीचं बघू. बोट ७ ला लागते, पण माणसं लगेच उतरत नाहीत. आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या मोठ्या बॅगा धक्क्यावर मांडून झाल्या की रंगीत टॅगप्रमाणे गट सोडतात, साधारण ८ ते ९.३०. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरलात तर साडेसातला बाहेर पडाल, पण ७१ वर्षांच्या आईंसोबत तो प्रकार नको. ११.४० च्या विमानाचं बॅग काउंटर १०.४० ला बंद, पुढे बाहेर जाताना पासपोर्ट तपासणीची रांग. बार्सिलोनात १ नंतरचं विमान घ्या. क्रूझ चिवितावेक्कियाला संपत असती तर अडीचनंतरचं म्हणालो असतो, कारण तिथून फ्युमिचिनो विमानतळ ७० किलोमीटरवर आहे.

तिकीटखिडकी

८,००० च्या जोडणीची गोम सांगतो, एक नाही, तीन आहेत.

पहिली पैशाची. बऱ्याच लो-कॉस्ट कंपन्यांच्या मूळ भाड्यात ४० × ३० × २० सेंमीची सीटखाली मावणारी पिशवी तेवढी असते. २० किलोच्या बॅगेला मार्ग आणि तारखेप्रमाणे ३० ते ५० युरो पडतात. सरासरी ४० युरो आणि युरो १०५ रुपये धरा, म्हणजे ४,२०० रुपये. चार बॅगा, जाऊन-येऊन आठ वेळा: ३३,६००. तुमची बचत ३२,०००. संपला विषय.

दुसरी विमानतळाची. शोधताना ‘मिलान’ असं शहर टाकलं की त्यात माल्पेन्सा, लिनाते आणि बेर्गामो तिन्ही येतात. मुंबईकडून येणारी मोठी विमानं माल्पेन्साला उतरतात आणि स्वस्त विमान सुटतं बऱ्याचदा बेर्गामोहून. मध्ये ८० किलोमीटर रस्ता. बार्सिलोनाचंही तेच, काही तिकिटांवर बारीक अक्षरात जिरोना लिहिलेलं असतं आणि ते शहरापासून ९० किलोमीटरवर आहे. तीन अक्षरी कोड बघायची सवय लावा: बार्सिलोना म्हणजे बीसीएन, माल्पेन्सा एमएक्सपी, बेर्गामो बीजीवाय.

तिसरी आणि सगळ्यात महागाची: दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. मुंबईचं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. परतीचा भागही त्याच तिकिटावर असेल तर तोही रद्द होऊ शकतो. एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असले की पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, आणि बॅगाही शेवटपर्यंत जातात. क्रूझला जाताना मला तरी यात तडजोड करण्यासारखं काही दिसत नाही. फिरायला जाताना चालेल, तिथे आपल्यासाठी बोट सुटत नसते.

आता भाडं खरं कुठे कमी होतं ते बघा. प्रत्येक विमानातल्या इकॉनॉमीच्या सीटा भाड्याच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. तुम्ही चौघांसाठी शोधता तेव्हा चारही जणांना एकाच कप्प्यातून भाडं लागतं. सगळ्यात स्वस्त कप्प्यात दोनच सीटा उरल्या असतील तर चौघांना वरचा कप्पा दाखवतात, पहिल्या दोन सीटा विकायला तशाच पडून असताना. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोन, तीन, चार. समजा दोघांपर्यंत ६१,००० आणि चौघांना ६७,५०० दिसतं. एकदम काढलीत तर २,७०,००० होतात. दोन-दोन करून काढलीत तर २,५७,०००. तेरा हजार वाचले, विमान तेच. मात्र एका पीएनआरवर एक मोठं माणूस आणि मुलगा, दुसऱ्यावर एक मोठं माणूस आणि आई, असंच वाटा. मुलगा आणि आजी दोघंच एका तिकिटावर नकोत. मग कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडल्याची नोंद करून घ्या, म्हणजे विमान रद्द झालं तर निम्मं घर वेगळ्या विमानात जाणार नाही.

इनकॉग्निटो खिडकीत शोधलं की स्वस्त मिळतं, यावर वेळ घालवू नका. पाच मिनिटांत भाडं चढलं तर कुणीतरी त्या कप्प्यातली सीट घेतलेली असते, नाहीतर साइटवरचा आकडाच शिळा असतो.

गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडा, जायचे बुधवार ते शुक्रवार आणि यायचे शनिवार ते मंगळवार असे बारा जोड एका नजरेत दिसतात. आवडलेल्या दोन-तीन जोडांवर भाड्याची सूचना लावून ठेवा. आपल्याकडे मे म्हणजे शाळांची सुट्टी, त्यामुळे मुंबईहून निघणारी विमानं या महिन्यात भरून जातात. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात घेऊन टाकावं. एप्रिलमध्ये काही स्वस्त होईल म्हणून थांबणारे जास्तच मोजतात.

खरेदी शक्यतो विमान कंपनीच्याच साइटवर करा. मध्यस्थ साइटवर कार्डाची सूट मिळते हे खरं, पण त्यांची कन्व्हिनियन्स फी वजा केली की किती उरतं ते बघा. क्रूझला सहा महिने असतात, तेवढ्यात विमानाची वेळ एकदा तरी बदलते. तेव्हा थेट घेतलेलं तिकीट ॲपमधून दोन मिनिटांत बदलता येतं. मध्यस्थाकडचं असेल तर कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीला.

हवाबदल

एवढी यातायात कशाला? मुंबईहूनच सुटणारी बोट घ्या. विमानच नको.

घाटमाथा

मुंबईची बोट चांगलीच असेल, पण आईला रोम बघायचंय. 🙂

@तिकीटखिडकी, दोघांसाठी आणि चौघांसाठी शोधून पाहिलं. खरंच ५,२०० चा फरक आला.

सागरगोटा

केबिनचे पैसे भरलेले नाहीत, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. बहुतेक लोक आधी क्रूझ ठरवतात, मग त्या बंदराला जे भाडं पडेल ते मुकाट भरतात. बंदरही बदलता येतं हे लक्षातच येत नाही.

एमएससी आणि कोस्टा या क्रूझ कंपन्यांच्या पश्चिम भूमध्य समुद्रातल्या आठवडी फेऱ्या गोल फिरतात आणि वाटेतल्या अनेक बंदरांतून लोक चढतात-उतरतात. तुमच्याच मार्गावर बार्सिलोनाला शनिवारी चढायचं की जेनोआला सोमवारी की चिवितावेक्कियाला मंगळवारी, हे बुकिंगच्या पानावर ‘बोर्डिंगचं बंदर’ बदलून पाहता येतं. बोट तीच, बंदरं तीच, पण केबिनचं भाडं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि विमानाचंही. तीन बंदरं, प्रत्येकाचं केबिन अधिक विमान अधिक विमानतळ ते धक्का, असे तीन आकडे कागदावर मांडा.

जेनोआ मांडून दाखवतो. मुंबई–माल्पेन्सा बार्सिलोनापेक्षा माणशी ९,००० ने स्वस्त मिळालं असं धरा, चौघांचे ३६,०००. माल्पेन्साहून मिलानो चेन्त्राले स्टेशनपर्यंत ट्रेन, सुमारे ५० मिनिटं. तिथून जेनोआच्या पियाझ्झा प्रिंचिपेपर्यंत दीड ते दोन तास. स्टेशनातून बाहेर पडलं की स्तात्सिओने मारित्तिमा हे टर्मिनल चालत दहा मिनिटांवर, टॅक्सीचा प्रश्न नाही. दोन्ही गाड्यांचे जाऊन-येऊन माणशी ७० युरो, चौघांचे २८०, म्हणजे २९,४००. हातात राहिले ६,६००. एवढ्यासाठी दोन गाड्या आणि बॅगा नकोत, विशेषतः आई सोबत असताना. पण फरक १५,००० चा निघाला किंवा जेनोआची केबिनच स्वस्त निघाली, तर चित्र पालटतं.

चिवितावेक्कियाचं गणित बऱ्याचदा जास्त जमतं. रोमला आखाती कंपन्यांची विमानं भरपूर, म्हणून भाडं उतरतंही. चिवितावेक्कियाहून रोमला लोकल ट्रेन पाच युरोच्या आत येते. रोमच्या ट्रास्तेव्हेरे स्टेशनात बदलून फ्युमिचिनो विमानतळाची गाडी ८ युरो. तेर्मिनी या मुख्य स्टेशनात जाऊन विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस घेतली तर ती १४ युरोंची पडते, ३२ मिनिटांत पोचवते, पण आधी तेर्मिनीपर्यंत उलटं जावं लागतं. बंदराच्या आतली शटल बस लार्गो देल्ला पाचे इथे सोडते, तिथून स्टेशन थोडं पुढे आहे. आणि तुमच्या आईंना रोम बघायचंय ना? बोट मंगळवारी तिथे एकच दिवस उभी असते आणि त्यातले तीन-चार तास ट्रेनमध्ये जातात. तिथूनच चढलात तर आधीचे दोन दिवस रोम निवांत होईल आणि मंगळवारी फक्त बंदर गाठायचं.

क्रूझच्या जाहिरातीत शहराचं नाव असतं, बंदराचं नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेत्सिया, ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन. ‘व्हेनिस’ तर फारच फसवं: १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना जुन्या शहरासमोरच्या ज्युदेक्का कालव्यात बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली क्रूझ रावेन्नाहून सुटत असू शकते. रावेन्ना व्हेनिसपासून सुमारे १४५ किलोमीटर, आणि जवळचं मोठं विमानतळ बोलोन्या. व्हेनिसचं स्वस्त तिकीट घेऊन बसलेल्या माणसाला हे शेवटच्या महिन्यात कळतं.

घाटमाथा

@सागरगोटा, हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी पहाटेच्या विमानाने रोम, मंगळवारी बोट, पुढच्या मंगळवारी उतरून त्याच दिवशी दुपारनंतर परत, असं बघतो. यात व्हिसा कुठला?

शिक्का

व्हिसाचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुमच्या विमानावर ठरतं, म्हणून तिकिटाआधी दिवस मोजा.

शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) नियम: ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे पडले तर ज्या देशाची सीमा आधी ओलांडाल त्याच्याकडे. तुमची मूळ योजना घ्या. शुक्रवार आणि शनिवार बार्सिलोना, पुढचा शनिवार पुन्हा बार्सिलोना: स्पेनचे ३. जेनोआ, चिवितावेक्किया, पालेर्मो: इटलीचे ३. बरोबरी. आखाती मार्गाने आलात तर पहिली सीमा स्पेनची, म्हणून अर्ज स्पेनकडे. पण काउंटरवर हा हिशेब समजावत बसण्यापेक्षा बार्सिलोनात एक रात्र वाढवली की प्रश्न मिटतो.

रोमची योजना केलीत तर इटलीचे दिवस उघड जास्त. अर्ज इटलीकडे, मुंबईत तो व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. स्पेनचं काम बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे आहे. कुठल्या केंद्रावर तारीख मिळतेय हेही बंदर निवडताना बघा. मार्च-एप्रिलमध्ये तारखांची मारामार असते.

आता ट्युनिस. ट्युनिशिया शेंगेनमध्ये नाही. पालेर्मोहून बोट निघाली की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात आणि पुढच्या स्पॅनिश बंदरात पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो पालेर्मोलाच संपला. अर्जात ‘मल्टिपल एंट्री’ मागा आणि क्रूझचा बंदरनिहाय कार्यक्रम सोबत जोडा, त्यात ट्युनिसला खूण करून. ट्युनिशियात क्रूझच्या भारतीय प्रवाशांना काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोचं कोतोर असलेल्या क्रूझलाही असाच दुहेरी प्रवेश लागतो. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, जुन्या लेखांत वेगळं सापडेल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. तुमचा मुलगा मोठ्यांत. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट शेंगेनमधून निघाल्यावर पुढे तीन महिने चालू हवा, पण बऱ्याच क्रूझ कंपन्या सहा महिने मागतात. सहाच धरा.

आधी तिकीट की व्हिसा: अर्जाला तिकिटाचं आरक्षण पुरतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. पण मेचं भाडं जानेवारीत बांधायचं असतं आणि व्हिसा मार्चपर्यंत येत नाही, ही खरी अडचण. यावर मार्ग म्हणजे रद्द करता येण्यासारखं भाडं घेणं. माणशी चार-पाच हजार जास्त जातात. ‘लाइट’ म्हणजे परतावा नसलेल्या भाड्यातले ६०,००० बुडण्यापेक्षा ते परवडतं. काही कंपन्या व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवलं की परतावा देतात. तिकिटाच्या अटींत ते लिहिलेलं असेल तरच विश्वास ठेवा, फोनवरच्या शब्दावर नको.

तिकीटखिडकी

शिक्का यांच्या मुद्द्याला एक जोड. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा. हातात शेंगेन व्हिसा असला तरी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा भारतीय पासपोर्टला वेगळा लागू शकतो, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे असं असेल तर ब्रिटनमध्ये प्रवेशच करावा लागतो. तो खर्च आणि तो ताप धरला की स्वस्ताई उरत नाही.

दुसरं, आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. शोधताना ‘मुंबई’ टाकलं की बीओएम म्हणजे सहार आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई दोन्ही येऊ शकतात. पुणेकरांना नवी मुंबई अलीकडे पडतं, त्यामुळे तिथून सोयीचं विमान मिळालं तर उत्तमच. पण जाताना एक आणि येताना दुसरं असं तिकीट घेऊन गाडी एका ठिकाणी लावू नका. नागपूर किंवा गोव्याहून जोडविमानाने येणाऱ्यांनी तर दोनदा बघावं.

रोमला जाऊन बार्सिलोनाहून परत, असं उलटसुलट हवं असेल तर दोन एकेरी तिकिटं शोधू नका, ‘मल्टी-सिटी’ वापरा. एकेरी दोन मिळून जाऊन-येऊन तिकिटाच्या दीडपट भरतात, मल्टी-सिटी बहुतेक वेळा जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास बसतं. आणि परतीचं तिकीट घेऊन त्यातला मधला टप्पा सोडून द्यायचा विचार असेल तर तो सोडा. एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात.

नाव पासपोर्टप्रमाणेच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात धरलेलं असतं. विमानाच्या तिकिटावर आणि क्रूझच्या बुकिंगवर ते सारखंच घाला.

नुसत्या विमानाच्या तिकिटावर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर) नाही. विमान, क्रूझ, हॉटेल एकत्र पॅकेज घेतलं तर कापला जातो, रिटर्न भरताना वळता करता येतो. पॅकेजची तुलना करताना ती रक्कम ‘महाग’ म्हणून धरू नका, पैसे अडकून पडतात एवढंच.

लंगर

राहिलेलं थोडं.

क्रूझ कंपनीकडूनच विमान घ्यायची सोय काही कंपन्यांत असते. फायदा एवढाच की विमान चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची डोकेदुखी त्यांची. पण भारतातून केलेल्या बुकिंगला ती मिळेलच असं नाही आणि मिळाली तरी विमान कुठलं हे उशिरा कळू शकतं. विचारून भाडं घ्या, तुलना करा, पटलं नाही तर सोडा.

बोट चुकलीच तर: ई-तिकिटावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो आधीच फोनमध्ये घालून ठेवा. त्याला फोन करून पुढच्या कुठल्या बंदरात चढू देतील ते विचारा, आणि होकार आल्यावरच पुढचं तिकीट काढा. खर्च तुमचा. विमा काढताना ‘मिस्ड कनेक्शन’च्या कलमात बोट धरलीय की फक्त विमान, ते पॉलिसीच्या शब्दांत वाचा.

युरोपीय नियम २६१/२००४ प्रमाणे लांब पल्ल्याच्या विमानाला मोठा उशीर झाला तर ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते, पण तो युरोपातून निघणाऱ्या सगळ्या विमानांना लागू आहे आणि युरोपात जाणाऱ्या फक्त युरोपीय कंपन्यांना. म्हणजे आखाती कंपनीने जाताना उशीर केला तर तो नियम लागू नाही, आणि तुम्हाला उशीर नडतो तो जातानाच.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी पीआयआर (बॅग न मिळाल्याच्या तक्रारीचा) फॉर्म भरा आणि त्यावर हॉटेलचा पत्ता न देता बोटीचं नाव, बंदरं आणि तारखा लिहा. नाहीतर बॅग रोमच्या हॉटेलात आणि तुम्ही पालेर्मोला. बॅग उशिरा मिळाल्याची लेखी तक्रार ती हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. आईंची सगळी औषधं, चिठ्ठ्या आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत.

घाटमाथा

व्हीलचेअर मागावी का? आई घरात, सोसायटीत व्यवस्थित चालते, जिनाही चढते. पण दोहाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं झेपणार नाही.

लंगर

मागा. तिकिटावर ‘डब्ल्यूसीएचआर’ असा कोड घालून घ्या. त्याचा अर्थ प्रवासी जिना चढू शकतो, फक्त लांब चालू शकत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिनाही नाही, ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे सीटपर्यंत उचलून न्यावं लागेल. चुकीचा कोड पडला तर विमानाच्या दारात प्रश्न विचारत बसतात. दोन्ही दिशांना, किमान ४८ तास आधी, आणि प्रत्येक टप्प्यावर तो दिसतोय का ते ॲपमध्ये बघा. मधल्या विमानतळावरचा टप्पा बऱ्याचदा गळतो. सोबत साधारण एकालाच सोडतात, तेव्हा बाकी दोघांनी पुढच्या गेटचा नंबर आधीच लिहून घ्या. आणि बंदरातली व्हीलचेअर वेगळी, ती क्रूझ कंपनीकडे स्वतंत्र मागायची. विमान कंपनीची टॅक्सीच्या रांगेपर्यंतच येते.